ग्रामीण महाराष्ट्रातील संस्था आणि सत्ता : एक तौलनिक आढावा

ग्रामीण महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात संस्थांची दाटी आहे. बागायती पट्ट्यातील एखाद्या मध्यम शेतकऱ्याचा वर्षभरात ज्यांच्याशी संबंध येतो त्यांची नुसती यादी केली, तरी ग्रामपंचायत, तलाठी कार्यालय, विविध कार्यकारी सेवा सहकारी सोसायटी, जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक, साखर कारखाना, दूध संस्था, कृषी उत्पन्न बाजार समिती, शिक्षण संस्थेचे हायस्कूल, देवस्थानचा ट्रस्ट आणि घरातील बाईचा बचत गट इतकी नावे सहज होतात. राज्यात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती, ३५१ पंचायत समित्या, ३४ जिल्हा परिषदा, सुमारे २१ हजार गावपातळीवरील सोसायट्या, ३१ जिल्हा बँका, तीनशेच्या वर बाजार समित्या आणि दोनशेच्या आसपास गाळप करणारे साखर कारखाने आहेत. यांपैकी प्रत्येकीचा कायदा वेगळा, मतदार वेगळा आणि पैशाचा उगमही वेगळा. त्यामुळे यांतील कोणाचे वजन किती आणि ते कशाने ठरते, हा प्रश्न १९६० नंतर समाजशास्त्र, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र या तिन्ही शाखांतील अभ्यासकांनी पुन्हा पुन्हा हाताळला. त्या अभ्यासांच्या आणि उपलब्ध अनुभवाच्या आधारे या संस्थांच्या सत्तेची तुलना करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मोजमापाचा प्रश्न

सत्तेची व्याख्या करताना मॅक्स वेबर याने, विरोध असतानाही आपली इच्छा तडीस नेण्याच्या शक्यतेवर भर दिला. प्रभाव ही त्याहून सौम्य गोष्ट असून, आज्ञा न देता दुसऱ्याच्या निर्णयाला वळण लावणे एवढा तिचा अर्थ येथे घेतला आहे. स्थानिक सत्ता मोजावी कशी, याविषयी अमेरिकेत १९५० आणि १९६० च्या दशकांत मोठा वाद झाला. फ्लॉइड हंटर याने १९५३ मध्ये अटलांटा शहराच्या अभ्यासात जाणकारांना विचारून वजनदार व्यक्तींची यादी तयार केली, तर रॉबर्ट डाल याने १९६१ मध्ये न्यू हेवन शहराचा अभ्यास करताना, नावलौकिक बाजूला ठेवून प्रत्यक्ष निर्णयांत कोणाचे म्हणणे टिकले ते पाहावे, असा आग्रह धरला. त्यावर पीटर बॅक्रॅक आणि मॉर्टन बॅरट्झ यांनी १९६२ मध्ये असा आक्षेप घेतला, की जो विषय बैठकीपुढे येऊच दिला जात नाही त्यातही सत्ता असते आणि ती निर्णयांच्या नोंदीत सापडत नाही. पुढे १९७४ मध्ये स्टीव्हन ल्यूक्स याने, लोकांच्या इच्छा-अपेक्षांनाच आकार देणारी तिसरी पातळी दाखवून दिली.

महाराष्ट्रातील संस्थांची तुलना करताना या चर्चेतून चार कसोट्या हाती लागतात. पहिली गरजेची : सामान्य माणसाला त्या संस्थेकडे किती वेळा आणि किती निकडीच्या कामासाठी जावे लागते. दुसरी पर्यायाची : तेच काम दुसरीकडे होऊ शकते की नाही. तिसरी स्वेच्छाधिकाराची, म्हणजे कोणाला आधी, कोणाला नंतर आणि कोणाला किती हे नियमापलीकडे जाऊन ठरवण्याची मुभा संस्था चालवणाऱ्यांना किती आहे. चौथी परस्परबंधाची : एका संस्थेतील पद दुसऱ्या संस्थेत शिरण्यासाठी कितपत उपयोगी पडते. कायद्याने दिलेले अधिकार आणि अंदाजपत्रकाचा आकार हे मोजायला सोपे असले, तरी संस्थेचे खरे वजन दुसऱ्या आणि तिसऱ्या कसोटीवर अधिक नेमके कळते, आणि चौथ्या कसोटीमुळे ते अनेक पटींनी वाढते, असे पुढील आढाव्यातून दिसून येईल.

वतनापासून निवडणुकीपर्यंत

त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ मध्ये ‘गावगाडा’ या ग्रंथात जी गावव्यवस्था वर्णिली, तिच्यात पाटील आणि कुळकर्णी ही वतने, बलुतेदारी आणि सावकारी हे सत्तेचे आधार होते. वतन म्हणजे वंशपरंपरेने चालत आलेला सेवेचा हक्क आणि त्याबरोबरचे उत्पन्न. यांपैकी सावकारीला पहिला धक्का १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांनी दिला. त्यांतून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला आणि पुढे १९०४ च्या कायद्याने सहकारी पतपेढ्यांना कायदेशीर रूप मिळाले. वतने मात्र स्वातंत्र्यानंतरच गेली. कुळकर्णी वतन १९५० च्या, कनिष्ठ ग्रामवतने १९५८ च्या आणि पाटलाचे महसुली पद १९६२ च्या कायद्याने संपले. त्याच १९६२ साली सहकारी संस्थांचा नवा राज्य कायदा अमलात आला आणि १ मे रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. गावातील वजनदार घराण्यांनी या बदलाशी फार लवकर जुळवून घेतले आणि वारशाने मिळणारी पदे जाताच निवडून मिळणाऱ्या पदांकडे आपला मोर्चा वळवला. नव्या संस्थांची सूत्रे पहिल्या पिढीत बहुतांशी जमीनधारक मराठा-कुणबी समाजाकडे गेली, हे व. म. शिरसीकर, मेरी कॅरस, अँथनी कार्टर आणि डोनाल्ड रोझेंथल यांच्या १९७० च्या दशकातील अभ्यासांचे समान निरीक्षण आहे.

पंचायत राज : अधिकार व्यापक, हात आखडलेला

वसंतराव नाईक समितीच्या १९६१ च्या अहवालावरून महाराष्ट्राने पंचायत राज्याची जी रचना स्वीकारली, तिची दोन वैशिष्ट्ये सत्तेच्या दृष्टीने महत्त्वाची ठरली. राजस्थानने पंचायत समितीला मध्यवर्ती स्थान दिले असताना महाराष्ट्राने जिल्हा परिषदेला बळकट केले, आणि आमदार-खासदारांना तिच्याबाहेर ठेवले. प्राथमिक शाळा, आरोग्य केंद्रे, ग्रामीण रस्ते, लघुपाटबंधारे अशी कामे आणि हजारो शिक्षक व कर्मचारी जिल्हा परिषदेकडे आल्याने पहिली दोन दशके तिचा अध्यक्ष हा जिल्ह्यातील मोठा माणूस समजला जाई. शिक्षकांच्या बदल्या हा त्या काळातील स्वेच्छाधिकाराचा सर्वांत ठळक नमुना होय. बदली हवी असलेला किंवा नको असलेला शिक्षक आणि त्याच्या शब्दावर विसंबणारे पालक, असे दुहेरी जाळे त्यातून तयार होई. २०१७-१८ पासून बदल्या संगणकीय पद्धतीने होऊ लागल्यावर हे जाळे विरळ झाले.

७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली. अकराव्या अनुसूचीत २९ विषय आले, राज्य निवडणूक आयोग आणि राज्य वित्त आयोग निर्माण झाले, महिलांना एक तृतीयांश जागा मिळाल्या आणि महाराष्ट्राने २०११ मध्ये हे प्रमाण निम्म्यावर नेले. प्रतिनिधित्वाचा पाया यामुळे निश्चित रुंदावला. तथापि त्याच १९९३ च्या अखेरीस खासदार स्थानिक विकास निधीची योजना सुरू झाली. आमदार निधी आधीपासून होताच. पुढे जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्षपद पालकमंत्र्याकडे गेले आणि जिल्ह्याच्या वार्षिक योजनेवरील अखेरचा शब्द राज्याच्या मंत्रिमंडळातील सदस्याचा झाला. ज्या आमदारांना नाईक समितीने जिल्हा परिषदेच्या सभागृहाबाहेर ठेवले होते, ते निधीच्या वाटेने परत आले.

वित्त आयोगांनी या चित्रात आणखी एक बदल केला. चौदाव्या वित्त आयोगाने २०१५ ते २०२० या काळात ग्रामीण अनुदान थेट ग्रामपंचायतींना दिले, तर पंधराव्या आयोगाच्या काळात राज्यात ८० टक्के ग्रामपंचायतींना आणि प्रत्येकी १० टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेला, अशी विभागणी झाली. सरपंचाचे आर्थिक वजन त्यामुळे वाढले. सरपंच थेट जनतेतून निवडण्याची पद्धत २०१७ मध्ये आणली गेली, २०२० मध्ये रद्द झाली आणि २०२२ मध्ये परत आली, यावरूनही राज्यातील पक्षांना या पदाचे महत्त्व जाणवल्याचे दिसते. त्याउलट २०२२ पासून अनेक जिल्हा परिषदांचा कारभार निवडणुकांअभावी काही वर्षे प्रशासकांकडे राहिला. निवडून आलेल्या सभागृहाशिवायही संस्था चालू शकते, हे त्या काळात दिसले, आणि तिची सत्ता किती उसनी आहे तेही उघड झाले.

ग्रामसभेच्या बळाचा वेगळा अनुभव गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गोंड गावाने दिला. वनहक्क कायद्यानुसार २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. वनखात्याकडे जाण्यावाचून गत्यंतर नसलेल्या गावाला स्वतःच परवाना देणारी संस्था होता आले. अन्यत्र अनेक ग्रामसभा कोरमअभावी तहकूब होत असताना ही सभा टिकून राहिली, कारण तिच्या निर्णयामागे उत्पन्न देणारे साधन होते.

पतपुरवठा : सोसायटी आणि जिल्हा बँक

अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीने १९५१-५२ मध्ये दाखवून दिले, की शेतकऱ्यांच्या एकूण कर्जापैकी सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३ टक्के होता. त्या समितीचे सदस्य धनंजयराव गाडगीळ यांनी राज्याने सहकारी संस्थांच्या भागभांडवलात उतरावे आणि पतपुरवठा, प्रक्रिया व विक्री एकमेकांना जोडावीत, या विचाराला बळ दिले. महाराष्ट्रात हा विचार त्रिस्तरीय रचनेतून उतरला : गावात सोसायटी, जिल्ह्यात मध्यवर्ती बँक आणि वर राज्य सहकारी बँक.

या रचनेतील स्वेच्छाधिकार दोन ठिकाणी असतो. पीककर्जाची पात्रता आणि मर्यादा ठरवणारे पत्रक गावात सचिव तयार करतो, आणि ते मंजूर करून पैसे सोडण्याचे काम जिल्हा बँकेत होते. पेरणीच्या तोंडावर दोन आठवड्यांचा विलंबही सावकाराची वाट दाखवण्यास पुरेसा असल्याने, नकाराची गरज न पडता नुसत्या दिरंगाईने माणूस वठणीवर आणता येई. दुसरीकडे जिल्हा बँकेची निवडणूक सोसायट्यांच्या प्रतिनिधींवर अवलंबून असते. प्रत्येक सोसायटी ठराव करून आपला एक मतदार ठरवते, त्यामुळे निवडणुकीआधी ‘ठराव गोळा करणे’ हा जिल्ह्याच्या राजकारणाचा स्वतंत्र हंगामच होऊन बसतो. गावातील सोसायटीच्या १३ जागांसाठी विधानसभेइतकी चुरस का होते, याचे उत्तर या ठरावात आहे.

जिल्हा बँकेचे वजन मात्र जिल्हागणिक वेगळे आहे. पश्चिम महाराष्ट्रात तिने उसाच्या आधाराने वसुली टिकवली, तर विदर्भातील नागपूर, वर्धा आणि बुलढाणा येथील बँका अडचणीत आल्यावर तेथील शेतकरी राष्ट्रीयीकृत बँकांकडे, पतसंस्थांकडे आणि पुन्हा सावकारांकडे वळला. राज्य सहकारी बँकेवर २०११ मध्ये प्रशासक आले आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये जुन्या नोटा बदलून देण्यास जिल्हा बँकांना मनाई झाली. या दोन घटनांनी रिझर्व्ह बँकेचा शब्द जिल्ह्याच्या कोणत्याही पुढाऱ्यापेक्षा वरचढ असल्याचे दाखवून दिले.

साखर कारखाना : पर्याय नसण्याची किंमत

संस्थात्मक सत्तेचा सर्वांत समृद्ध अभ्यास साखर कारखान्यांविषयी झाला आहे. विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली लोणी येथे उभ्या राहिलेल्या प्रवरा कारखान्याचा पहिला हंगाम १९५०-५१ चा. त्यानंतर राज्य सरकारचे भागभांडवल आणि कर्जाला सरकारी थकहमी यांच्या बळावर दोन-तीन दशकांत पश्चिम महाराष्ट्रात अशा कारखान्यांची मालिका तयार झाली. बी. एस. बाविस्कर यांनी कोपरगाव परिसराचा अभ्यास करून १९८० च्या ग्रंथात कारखान्यातील गटबाजीचे तपशील मांडले. डोनाल्ड अ‍ॅटवुड याने १९९२ मध्ये, गटांची ही स्पर्धाच कारभाऱ्यांना जबाबदार ठेवते आणि लहान ऊस उत्पादकालाही तिचा लाभ होतो, अशी बाजू मांडली. जयंत लेले यांनी मात्र गटांच्या स्पर्धेमागे एकाच वर्गाचे प्रभुत्व असल्याचे प्रतिपादन केले.

कारखान्याची सत्ता नेमकी कोठे असते, हे तोडणीच्या कार्यक्रमातून स्पष्ट होते. शेतकरी लागण झाल्यावर गट कार्यालयात उसाची नोंद करतो. तीत क्षेत्र, उसाचे वाण, लागणीची तारीख आणि ऊस आडसाली, पूर्वहंगामी, सुरू की खोडवा याची माहिती असते. कागदावर तोडणी या नोंदीच्या क्रमाने व्हावयाची असते आणि शेतकी विभागाचा चिटबॉय तोडीची चिठ्ठी घेऊन बांधावर येतो. गाळप साधारण नोव्हेंबर ते मार्च चालते. ऊस पक्व झाल्यावर शेतात उभा राहिला तर तुरा येतो, कांड्या पोकळ होऊ लागतात, वजन आणि उतारा घटतो, खोडवा कमकुवत होतो आणि पुढच्या पिकासाठी रान मोकळे होत नाही. म्हणजे तोडीची तारीख पुढे जाणे हा थेट पैशाचा तोटा असतो. ज्याने निवडणुकीत विरोधी पॅनेलकडून अर्ज भरला, त्याच्या उसाला तोडणीची टोळी मिळत नाही, वाहन मिळत नाही किंवा नोंदीत चूक निघते, अशी तक्रार बागायती पट्ट्यात नवी नाही. ती सिद्ध करणे जवळपास अशक्य असते, कारण कोणताही लेखी आदेश नसतो आणि टोळ्यांची टंचाई हे कारण नेहमीच खरे असू शकते. बॅक्रॅक आणि बॅरट्झ ज्या नोंदीबाहेरच्या सत्तेविषयी लिहितात, तिचे याहून नेमके उदाहरण मिळणे कठीण.

तोडणी झाली तरी संबंध संपत नाही. उसाच्या बिलातून सोसायटीचे कर्ज, ठेव आणि भागाची रक्कम कापली जाते. पहिला हप्ता, त्यानंतरचे हप्ते आणि दिवाळीची सवलतीची साखर यांचे वेळापत्रक संचालक मंडळ ठरवते. कर्जवसुलीचा हा मार्ग बँकेच्या दृष्टीने आदर्श होय, कारण पीक हाती येताच कर्ज फिटते. परंतु त्यामुळे पत देणारी आणि माल घेणारी या दोन संस्था शेतकऱ्यासमोर एकच होतात.

अर्थशास्त्रज्ञांनी या सत्तेला आकड्यांची जोड दिली. अभिजित बॅनर्जी, दिलीप मुखर्जी, कैवन मुन्शी आणि देबराज रे यांच्या २००१ मधील शोधनिबंधाचा मुद्दा असा, की सर्व सभासदांना एकच दर द्यावा लागत असल्याने मोठ्या उत्पादकांना जास्त दर घेऊन फायदा उपटता येत नाही. त्याऐवजी दर खाली ठेवून कारखान्यात साठलेल्या निधीवर नियंत्रण मिळवणे त्यांना सोयीचे पडते, आणि सभासदांतील विषमतेनुसार दराचे चित्र बदलते. संदीप सुखटणकर यांनी २०१२ मध्ये दाखवले, की राजकारणी चालवत असलेल्या कारखान्यांत निवडणुकीच्या वर्षी उसाला तुलनेने कमी दर मिळतो, म्हणजे प्रचाराचा पैसा येथून उभा राहत असावा. निवडून आल्यावर त्याची भरपाई होत असण्याची शक्यताही त्यांनी नोंदवली. अशी भरपाई होत असेल, तर सभासद ही किंमत का सोसतो याचा उलगडा होतो.

मात्र कारखान्याची ही सत्ता ज्यांच्या श्रमावर चालते त्यांना तीत आवाज नाही. बीड व मराठवाड्याच्या अन्य दुष्काळी तालुक्यांतून आणि अहिल्यानगरमधून येणारा ऊसतोड कामगार मुकादमाकडून उचल घेतो, नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो आणि कारखाना त्यांना आपला कामगार मानत नाही. सभासदासाठी कारखाना ही जाब विचारता येणारी संस्था असते, कोयत्यासाठी मुकादम हीच सर्व सत्ता असते. एकाच संस्थेचे वजन कोठून पाहिले यावर किती अवलंबून असते, ते यावरून ध्यानात येते.

शिक्षण संस्था : दीर्घ पल्ल्याचा प्रभाव

भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले येथे स्थापन केलेली रयत शिक्षण संस्था, नाशिकची १९१४ मधील मराठा विद्या प्रसारक समाज ही संस्था आणि पंजाबराव देशमुख यांनी अमरावतीत उभी केलेली श्री शिवाजी शिक्षण संस्था यांनी शेतकरी आणि बहुजन समाजातील मुलांना शाळेची वाट दाखवली. ल्यूक्सच्या भाषेत ही तिसऱ्या पातळीवरची सत्ता होय. तिने निर्णय लादले नाहीत, पण एका पिढीच्या आकांक्षा बदलल्या, आणि पुढे सहकार व पंचायत राज चालवणारे सचिव, शिक्षक आणि कार्यकर्ते तिच्यातूनच आले.

अनुदानित शाळांच्या विस्तारानंतर या प्रभावाला दुसरे रूप आले. शिक्षकाचा पगार सरकारी तिजोरीतून आणि नेमणूक संस्थाचालकाच्या हाती, ही विभागणी स्वेच्छाधिकारासाठी अतिशय सुपीक ठरली, कारण ग्रामीण भागात निवृत्तीपर्यंत टिकणारी नोकरी देणारी दुसरी जागा क्वचितच असे. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना १९८३ मध्ये विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि कारखान्याच्या परिसरातच तंत्रनिकेतने व वैद्यकीय महाविद्यालये उभी राहिली. आता प्रवेश आणि शुल्क ही नवी साधने हाती आली. अनुदानित शाळांतील शिक्षकभरतीसाठी २०१७ मध्ये आलेल्या ‘पवित्र’ प्रणालीने नेमणुकीची मुभा बरीच आवळली. तिला संस्थाचालकांनी केलेला विरोध पाहता ती मुभा किती मोलाची होती याचा अंदाज येतो.

बाजार समिती, दूध संघ आणि देवस्थान

बाजार समितीला १९६३ च्या कायद्याने आपल्या क्षेत्रातील व्यापाराचे नियमन करण्याचा हक्क दिला, त्यामुळे पर्यायाच्या कसोटीवर ती कागदोपत्री फार बलवान होती. प्रत्यक्षात शेतकऱ्याचा व्यवहार आडत्याशी होतो आणि उचल, वजन व पट्टी यांवरील खरी पकड त्याची असते. समितीच्या संचालकाला गाळे, परवाने आणि नोकरभरती यांतून वजन मिळते. फळे आणि भाजीपाला २०१६ मध्ये नियमनमुक्त झाल्यावर समितीचा एकाधिकार सैल झाला, पण आडत्याचे स्थान फारसे हलले नाही.

दूध संघाची गोष्ट वेगळी आहे. कोल्हापूरच्या १९६३ मध्ये स्थापन झालेल्या गोकुळसारख्या संघाकडे लाखो उत्पादक दूध घालतात. त्याचा दर फॅटवर ठरतो, बिल ठरलेल्या दिवशी मिळते आणि खाजगी संकलन केंद्रही जवळच असते. गरज रोजची, पण पर्याय उपलब्ध आणि स्वेच्छाधिकार थोडा. त्यामुळे एकेका उत्पादकावर संघाची जबरदस्ती चालत नाही आणि निवडणुकीची चुरस मुख्यतः संघाच्या मोठ्या उलाढालीसाठी असते.

देवस्थानांपैकी पंढरपूरसाठी १९७३ चा आणि शिर्डीसाठी २००४ चा स्वतंत्र कायदा आहे. दोन्ही ठिकाणी विश्वस्त मंडळ नेमण्याचा अधिकार सरकारकडे असल्याने ही मंडळे सत्तेची उगमस्थाने कमी आणि राजकीय सोय लावण्याच्या जागा अधिक ठरतात. शिर्डीसारख्या संस्थानाचा रुग्णालय, रोजगार आणि बाजारपेठ यांवरील प्रभाव मात्र खरा आणि मोठा आहे.

संस्थांचे एकमेकांतील गुंतणे

आतापर्यंत एकेक संस्था सुटी पाहिली. प्रत्यक्षात त्यांचे मतदार एकमेकांतून तयार होतात. बाजार समितीच्या १८ संचालकांपैकी ११ सोसायट्यांच्या आणि ४ ग्रामपंचायतींच्या मतदारसंघातून येतात. जिल्हा बँक सोसायटीच्या ठरावावर चालते. विधान परिषदेच्या स्थानिक प्राधिकारी मतदारसंघात जिल्हा परिषद व नगरपालिकांच्या सदस्यांना, तर शिक्षक मतदारसंघात माध्यमिक शाळा व महाविद्यालयांतील अध्यापकांना मत असते. म्हणून सोसायटीवर पकड असलेला गट बाजार समिती आणि बँक दोन्हीकडे पोहोचतो, कारखान्याचा अध्यक्ष शिक्षण संस्थेचाही अध्यक्ष असतो आणि विधानसभेची उमेदवारी त्याच्याकडे चालत येते. बाजार समितीचे मत थेट शेतकऱ्याला देण्याचा प्रयोग २०१७ मध्ये झाला आणि २०२० मध्ये मागे घेतला गेला, यावरून या साखळीचा एक दुवा बदलणेही किती अवघड असते ते कळते.

या साखळीत जात ही न नोंदलेली संस्था सतत काम करते. सिवान अँडरसन, पॅट्रिक फ्रँकोइस आणि अशोक कोतवाल यांनी २०१५ मध्ये महाराष्ट्रातील गावांच्या अभ्यासातून दाखवले, की जेथे जमीन मराठा समाजाच्या हाती एकवटलेली आहे तेथे ग्रामपंचायतीच्या निवडणुका खुल्या आणि चुरशीच्या होत असूनही गरिबांसाठीच्या सरकारी योजना कमी प्रमाणात पोहोचतात. मजूर संकटकाळी ज्याच्याकडे उसनवार मागतो त्याला मत देतो, आणि मजुरी वाढवणारी योजना गावात आणण्यात त्या मालकाला रस नसतो. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा राज्य कायदा अशाच न नोंदलेल्या सत्तेला, विशेषतः जातपंचायती आणि गावकीला, कायद्याच्या कक्षेत आणण्याचा प्रयत्न होय.

१९९१ नंतरचा पालट

गेल्या तीन दशकांत या सर्व संस्थांच्या सापेक्ष वजनात मोठा फरक पडला. साखर उद्योग १९९८ मध्ये परवानामुक्त झाला, ऊस ठरावीक कारखान्यालाच घालण्याची झोनबंदी उठली आणि खाजगी कारखाने वाढून आज गाळप करणाऱ्यांत जवळपास निम्मे झाले. रास्त व किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, २००९ पासून केंद्र ठरवते आणि ती १४ दिवसांत न दिल्यास साखर आयुक्त महसुली वसुलीचा आदेश काढू शकतात. शेतकरी नेते राजू शेट्टी यांच्या संघटनेची जयसिंगपूरची ऊस परिषद हंगामाच्या तोंडावर दराचा आकडा जाहीर करू लागली. कोल्हापूर-सांगली पट्ट्यात कारखाने दाट आणि कर्नाटकची हद्द जवळ असल्याने तेथील शेतकऱ्याला पर्याय सर्वाधिक, आणि दराच्या आंदोलनाचा जोरही तेथेच सर्वाधिक राहिला. राज्याबाहेर ऊस नेण्यास बंदी करणारा सप्टेंबर २०२३ चा आदेश विरोधामुळे काही दिवसांतच मागे घ्यावा लागला. त्यामागे पर्यायाची हीच किंमत होती.

त्याच वेळी निर्णयाचे केंद्र वर सरकले. केंद्रात २०२१ मध्ये स्वतंत्र सहकार मंत्रालय आले. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ९७ व्या घटनादुरुस्तीचा राज्यांच्या सहकारी संस्थांपुरता भाग रद्द ठरवून राज्यांचा अधिकार अधोरेखित केला, तर बँकिंग कायद्यातील २०२० च्या दुरुस्तीने सहकारी बँकांवरील रिझर्व्ह बँकेची पकड घट्ट झाली. साखरेची निर्यात आणि इथेनॉलचे दर दिल्लीत ठरू लागल्याने आजारी कारखान्याच्या अध्यक्षाला थकहमी, पुनर्गठन किंवा चौकशीतून सवलत यांसाठी सत्तेच्या जवळ राहणे भाग पडते. १९७० च्या दशकात कारखाना आमदार घडवत असे. आता मंत्रिपद किंवा सत्ताधारी पक्षातील प्रवेश कारखाना वाचवतो.

तुलनेचा निष्कर्ष

चारही कसोट्या एकत्र ठेवल्या, तर ग्रामीण महाराष्ट्रातील संस्थांची उतरंड कायद्याने सुचवलेल्या क्रमाशी जुळत नाही. सार्वत्रिक मताधिकारावर उभ्या असलेल्या जिल्हा परिषदेपेक्षा काही हजार सभासदांच्या मतांवर चालणारा कारखाना एका पिढीवर अधिक काळ राज्य करू शकला, कारण पहिलीने दिलेली शाळा किंवा रस्ता सर्वांना सारखाच मिळत होता, तर दुसऱ्याची चिठ्ठी एकेकाला वेगवेगळ्या तारखेला मिळत होती. दूध संघाची उलाढाल मोठी असूनही त्याची जबरदस्ती कमी, आणि गावच्या सोसायटीची उलाढाल लहान असूनही तिचे वजन जास्त, हेही याच सूत्रात बसते.

यावरून सुधारणांचा क्रमही ठरवता येतो. संचालक मंडळांच्या निवडणुका वेळेवर घेणे आणि लेखापरीक्षण कडक करणे आवश्यक आहेच, तरी महाराष्ट्रातील अनुभव असा आहे की बदल्यांची संगणकीय यादी, एफआरपीची मुदत, वनहक्काचा दाखला किंवा शेजारच्या तालुक्यातील दुसरा कारखाना यांनी सामान्य माणसाला जितके मोकळे केले तितके पॅनेल बदलल्याने केले नाही. तोडणीचा क्रम नोंदीच्या तारखेनुसार सर्वांना पाहता येईल असा जाहीर करणे, ही त्यामुळे दिसायला किरकोळ पण सत्तेच्या मुळाशी जाणारी सुधारणा ठरते.

या निष्कर्षाची मर्यादा अशी, की पर्यायाचा लाभ ज्याच्याकडे विकायला ऊस, दूध किंवा कांदा आहे त्यालाच होतो. भूमिहीन मजुरासाठी आणि ऊसतोड कुटुंबासाठी दुसरा कारखाना म्हणजे दुसरा मुकादम, एवढाच फरक पडतो. त्यांचे पर्याय रोजगार हमी, रेशन, बचत गट आणि शहराकडचे स्थलांतर यांत असतात, आणि त्या संस्थांचा अभ्यास कारखान्याच्या तुलनेत फार थोडा झाला आहे. पुढील तुलना म्हणून संस्थेपासून सुरू न होता, भूमिहीन, कोरडवाहू, बागायतदार अशा एकेका थराला नकार पचवणे कोठे सर्वांत महाग पडते, या प्रश्नापासून सुरू व्हावयास हवी.